उष्णतेचा उपसा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

फ्रिज गारवा तयार करतो, असे आपण सहज बोलून जातो. खरे तर गारवा ही तयार करता येण्याजोगी वस्तूच नाही. फ्रिज एवढेच करतो, की आत ठेवलेल्या दुधातली, भाजीतली, पाण्यातली उष्णता बाहेर काढतो आणि स्वयंपाकघरात सोडून देतो. फ्रिजच्या मागच्या जाळीला किंवा नव्या फ्रिजच्या बाजूच्या पत्र्याला हात लावून पाहा, तो कोमट लागेल. ती ऊब म्हणजे आतल्या दुधा-भाजीचीच उष्णता, आणि तिच्यात कॉम्प्रेसरने घेतलेल्या विजेची भर.

पॉलिटेक्निकमध्ये शिकवत असताना मी पहिल्याच तासाला एक प्रश्न विचारत असे. दारे-खिडक्या बंद केलेल्या खोलीत फ्रिज चालू ठेवला आणि त्याचे दार सताड उघडे टाकले, तर खोली गार होईल की गरम? निम्म्याहून अधिक हात 'गार' म्हणून वर जात. बरोबर उत्तर आहे 'गरम'. कारण पुढून काढलेली उष्णता मागून त्याच खोलीत पडते आणि वर विजेची उष्णता मिळते ती वेगळीच. आता कल्पना करा, की हाच फ्रिज भिंतीत असा बसवला की त्याचे उघडे दार अंगणाकडे आणि जाळी घराच्या आत. फ्रिज बिचारा सगळे अंगण गार करायला निघेल. ते काही त्याला साधणार नाही. पण त्या खटपटीत अंगणातली उष्णता घरात येत राहील. थंड देशांत ज्याला हीट पंप म्हणतात, ते यंत्र तत्त्वतः हेच आहे.

हा विषय आज निवडण्याचे कारण असे, की ज्यांची मुले जर्मनीत, स्वीडनमध्ये, नॉर्वेत स्थायिक झाली आहेत अशा परिचितांकडून मला अलीकडे वारंवार एक प्रश्न येतो. 'बाहेर बर्फ पडलेले असते, आणि मुलगा सांगतो की आमचे यंत्र बाहेरच्या हवेतून उष्णता आणते. बर्फाळ हवेत कसली आली उष्णता?' प्रश्न अगदी रास्त आहे.

आपण ज्याला शून्य अंश म्हणतो, ते पाणी गोठण्याचे तापमान. उष्णता संपण्याचे नव्हे. ज्या तापमानाच्या खाली काही जाऊच शकत नाही, ते निरपेक्ष शून्य उणे २७३ अंश सेल्सिअसवर आहे. त्या तळापासून मोजले, तर उणे १० अंशांची बोचरी हवासुद्धा २६३ अंश वर उभी आहे. तिच्यात उष्णता भरपूर आहे. अडचण एवढीच, की उष्णता आपण होऊन गरमाकडून थंडाकडे जाते, उलट जात नाही. पाणी जसे उताराकडे वाहते, तसेच हे.

पाण्याची उपमा पुढे नेऊ, म्हणजे यंत्राच्या नावातल्या 'पंप' या शब्दाचा अर्थ नीट लागेल. विहिरीवरची मोटर पाणी तयार करत नाही. पाणी खाली आहेच. मोटर ते वर चढवते आणि वीज लागते ती चढवण्यासाठी. विहीर उथळ असेल तर वीज कमी लागते, खोल असेल तर जास्त. हीट पंपही उष्णता तयार करत नाही. बाहेरच्या कमी तापमानाच्या विहिरीतून ती उपसतो आणि घरातल्या जास्त तापमानाच्या टाकीत चढवतो. या यंत्राचे सगळे गुण आणि सगळे दोष या एका वाक्यातून निघतात.

आता हा उपसा होतो कसा, ते पाहू. इंजेक्शनच्या आधी नर्स दंडाला स्पिरिट लावते तेव्हा तेवढी जागा गार लागते. स्पिरिट उडून जाताना कातडीतली उष्णता घेऊन जाते. द्रवाचे बाष्प होण्यासाठी लागणाऱ्या या उष्णतेला शाळेच्या पुस्तकात अप्रकट उष्मा म्हटले आहे. माठातले पाणी गार होते ते याच कारणाने. उलट, बाष्पाचा पुन्हा द्रव होतो तेव्हा घेतलेली उष्णता ते परत करते. वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्यापेक्षा जास्त बसतो, तो म्हणूनच.

दुसरी गोष्ट दाबाची. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. म्हणजे पदार्थाने कोणत्या तापमानाला उकळावे, हे दाब कमी-जास्त करून आपल्याला ठरवता येते. आणि तिसरी गोष्ट सायकलच्या पंपाची. हवा भराभर दाबली की पंपाची नळी तापते.

या तीन गोष्टी एकत्र केल्या, की हीट पंप तयार. हवा असतो फक्त एक असा पदार्थ, जो कडाक्याच्या थंडीतही उकळेल. प्रोपेन हा असा पदार्थ आहे. तो आपल्या परिचयाचा आहे, कारण स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये ब्यूटेनबरोबर तोही असतो. साध्या वातावरणीय दाबाला प्रोपेन उणे ४२ अंशांवरच उकळतो. युरोपातल्या अनेक नव्या यंत्रांत शीतक म्हणून तोच वापरतात.

समजा, बाहेर उणे ३ अंश तापमान आहे. घराबाहेरच्या पेटीत, म्हणजे आपल्या एसीच्या बाहेरच्या युनिटसारख्याच पेटीत, पातळ पत्र्यांच्या नळ्यांमधून द्रव प्रोपेन फिरतो. त्याचा दाब वातावरणाच्या साडेतीनपट ठेवला आहे. या दाबाला तो उणे १० अंशांवर उकळतो. त्याच्या दृष्टीने उणे ३ अंशांची हवा ही चुलीसारखी गरमच! पंखा ही हवा नळ्यांवरून ओढतो, प्रोपेन तिच्यातली उष्णता घेऊन उकळतो आणि त्याचे बाष्प होते. हे बाष्प कॉम्प्रेसरमध्ये जाते. तिथे त्याचा दाब सुमारे पंधरापट होतो आणि दाबले गेल्यामुळे ते तापून साठ-सत्तर अंशांवर पोचते. विजेचा मुख्य खर्च इथे होतो. मग हे गरम बाष्प घराच्या तापनव्यवस्थेतल्या पाण्याशेजारून जाते. वाढलेल्या दाबाला त्याचा ४५ अंशांच्या सुमारास पुन्हा द्रव होतो, आणि बाहेरून आणलेली सगळी उष्णता ते त्या पाण्याला देऊन टाकते. शेवटी एका बारीक झडपेतून जाताना दाब एकदम उतरतो, द्रव पुन्हा थंडगार होतो आणि नव्या फेरीसाठी बाहेर जातो.

उन्हाळ्यात हेच चक्र उलटे फिरवायचे. कॉम्प्रेसरजवळ चार तोंडांची एक झडप असते. ती सरकली, की बाष्पाचा मार्ग बदलतो. जी नळी काल उष्णता घेत होती ती आज सोडू लागते. घरातली उष्णता उपसून बाहेर टाकली जाते. म्हणजे एकच यंत्र हिवाळ्यात शेगडी आणि उन्हाळ्यात एसी. आपल्याकडे 'हॉट अँड कोल्ड' म्हणून विकला जाणारा एसी हा छोटा हीट पंपच असतो. साधा एसी हाही खरे तर एका दिशेनेच चालणारा हीट पंप.

आता हिशेबाकडे वळू. साधा विजेचा हीटर एक युनिट वीज घेतो आणि एक युनिट उष्णता देतो. त्याहून जास्त देणे त्याला शक्य नाही. हीट पंप एक युनिट वीज घेतो आणि साधारणपणे तीन ते चार युनिट उष्णता घरात आणतो. ऐकणाऱ्याला वाटते, यात काहीतरी फसवणूक आहे. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम मोडला जातो आहे. पण काही मोडत नाही. चारपैकी तीन युनिट बाहेरच्या हवेतून आलेले असतात. विजेने फक्त त्यांची हमाली केली.

ही कल्पना आजची नाही. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ, यांनी १८५२ मध्येच एक निबंध लिहिला होता. हवेच्या प्रवाहांच्या साहाय्याने इमारती गरम किंवा थंड करण्यातली काटकसर, हा त्याचा विषय. गरम आणि थंड, दोन्ही एकाच निबंधात! त्यांचे म्हणणे असे, की कोळसा शेगडीत जाळून घर तापवण्यापेक्षा तो इंजिनात जाळावा आणि त्या इंजिनाने बाहेरची उष्णता आत ओढावी. इंधन कमी लागेल. आजच्या आकड्यांत हे असे मांडता येईल. कोळशातल्या १०० भाग उष्णतेपासून औष्णिक केंद्रात सुमारे ३५ भाग वीज मिळते. ती साध्या हीटरमध्ये घातली, तर घराला ३५ भागच उष्णता मिळणार. तीच वीज हीट पंपाला दिली आणि त्याने तिप्पट उष्णता आणली, तर १०५ भाग मिळतात. गमावलेले सगळे परत, वर पाच भाग जास्त. आणि वीज पाण्यापासून, वाऱ्यापासून किंवा सूर्यापासून मिळाली, तर कोळशाचा प्रश्नच राहत नाही.

मात्र 'तिप्पट-चौपट' हा आकडा दगडावर कोरलेला नाही. विहिरीची खोली इथे आडवी येते. बाहेर शून्य अंश आणि घरातल्या नळ्यांत ३५ अंशांचे पाणी पुरत असेल, तर एका युनिटला चार युनिटच्या वर उष्णता मिळू शकते. तेच पाणी ५५ अंशांचे हवे असेल, तर तीनच्या आसपास. बाहेर उणे १५ आणि आत ५५ हवे असेल, तर दोन-सव्वादोनवर समाधान मानावे लागते. नेमकी थंडी वाढते, घराची गरज वाढते, आणि तेव्हाच यंत्राची बरकत कमी होते.

म्हणून जाणते लोक यंत्राच्या आधी घराकडे पाहतात. भिंती आणि छपराला जाड उष्णतारोधक थर आहे का, खिडक्यांना दुहेरी काच आहे का, फटी बुजवल्या आहेत का? असे घर हळूहळू थंड होते, त्यामुळे कोमट पाणीही पुरते. जमिनीच्या फरशीखाली नळ्या फिरवून सगळी जमीनच किंचित उबदार ठेवायची, ही पद्धत हीट पंपाला फार मानवते. कारण तिला तीस-पस्तीस अंशांचे पाणी चालते. जुन्या घरात भिंतीला टांगलेले लहान रेडिएटर असतील, तर त्यांना कढत पाणी लागते आणि उपशाची उंची वाढते.

दुसरा उपाय म्हणजे विहीरच उथळ शोधायची. हवा थंडीत गारठते, पण जमिनीच्या पोटात काही मीटर खाली गेले की तापमान वर्षभर जवळजवळ सारखे राहते. आपल्या जुन्या वाड्यांतली तळघरे उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार वाटत, ते यामुळेच. स्वीडनमध्ये मी एका नातलगाच्या घरी उतरलो होतो. तिथे अंगणात बोअर मारलेले होते. पाण्यासाठी नव्हे, उष्णतेसाठी. दीडशे मीटरच्या आसपास खोल खडकात नळी सोडलेली, तिच्यातून न गोठणारे मिश्रण फिरत होते, आणि घरात कपाटाएवढी एक पेटी. बाहेर गुडघाभर बर्फ असताना त्या पेटीच्या जोरावर आम्ही घरात साध्या सदऱ्यावर वावरत होतो. आपल्याकडे बोअरला पाणी लागले की नाही हे विचारतात. तिथे खडक किती खोल आहे, हे विचारतात.

ही यंत्रे रुजली ती शास्त्रज्ञांच्या निबंधामुळे नव्हे, टंचाईमुळे. स्वित्झर्लंडमध्ये कोळसा नाही. झुरिचच्या नगरभवनात १९३८ मध्ये लिम्मात नदीच्या पाण्यातून उष्णता घेणारा हीट पंप बसला आणि दुसऱ्या महायुद्धातल्या कोळशाच्या तुटवड्यात तिथे आणखीही बसले. नगरभवनातले ते यंत्र साठहून अधिक वर्षे चालले. स्वीडनची घरे खनिज तेलावर तापत असत. १९७३ च्या तेलसंकटाने त्यांचे डोळे उघडले. पुढे १९९१ मध्ये त्या देशाने कार्बनवर कर लावला आणि तेलाची शेगडी आणखी महाग झाली. स्टॉकहोममध्ये तर १९८० च्या दशकात समुद्राच्या पाण्यातून उष्णता उपसून शहराच्या गरम पाण्याच्या जाळ्यात सोडणारे १८० मेगावॉटचे केंद्र उभे राहिले.

नॉर्वेची गोष्ट आपल्याला जास्त जवळची वाटावी. तिथे जलविद्युत मुबलक, म्हणून लोक सरळ विजेच्या हीटरवर घर तापवत. २००२-०३ च्या हिवाळ्यात जलाशयांत पाणी कमी होते, विजेचे दर कडाडले. सरकारने हीट पंपाला अनुदान देऊ केले. तेव्हापासून त्याचा प्रसार इतका झाला, की आज तिथल्या निम्म्याहून अधिक घरांत तो आहे. बर्फाच्या देशात हे यंत्र चालणार नाही, या आक्षेपाला याहून वेगळे उत्तर कशाला हवे?

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले आणि रशियन वायूवर घरे तापवणारा युरोप हादरला. त्या वर्षी युरोपात सुमारे तीस लाख हीट पंप विकले गेले. पुढच्या दोन वर्षांत मात्र विक्री घसरली. वायू पुन्हा स्वस्त झाला, काही देशांत अनुदाने बदलली, आणि जर्मनीत २०२३ च्या तापन कायद्यावरून मोठा राजकीय गदारोळ झाला. लोकांची तक्रार अगदीच गैर नव्हती. वायूच्या बॉयलरपेक्षा हे यंत्र बसवायला महाग पडते. विजेचा दर वायूच्या तिप्पट-चौपट असेल, तर तिप्पट उष्णता मिळूनही बिलात फरक दिसत नाही.

इतर अडचणीही सांगायला हव्यात. दमट थंडीत बाहेरच्या नळ्यांवर बर्फ साचते. ते वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटे उलटे फिरते आणि घरातलीच थोडी उष्णता बाहेर देते. पंख्याचा आवाज शेजाऱ्याच्या खिडकीशी आला की भांडणे होतात. आणि शीतकाचा प्रश्न आहेच. ओझोनला मारक शीतकांवर १९८७ च्या माँट्रियल कराराने बंदीचा मार्ग आखला. त्यांच्या जागी आलेल्या काही वायूंनी ओझोन वाचवला. पण त्यांतला आर-४१०ए हा वायू हवेत सुटला, तर तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट उष्णता धरून ठेवतो. असे वायू कमी करत नेण्याचा किगाली करार २०१६ मध्ये झाला आणि भारताने त्याला २०२१ मध्ये मान्यता दिली. प्रोपेनकडे ओढा आहे तो यामुळे. तो ज्वालाग्राही आहे खरा, पण घरगुती यंत्रात तो किलो-दीड किलोच्या आसपास असतो, आणि आपल्या ओट्याखालच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, हेही लक्षात घ्यावे.

हे सगळे ऐकून वाटेल, आपल्याला याचे काय? महाराष्ट्रात घर तापवावे लागत नाही. पण आपण हीट पंपाचा दुसरा अर्धा भाग दरवर्षी लाखोंनी विकत घेतो, त्याचे नाव एसी. दीड टनाचा एसी म्हणतात, त्यातला टन यंत्राच्या वजनाचा नसतो. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल, तेवढी उपसण्याची क्षमता म्हणजे एक टन. दीड टनाचा एसी पूर्ण जोराने चालताना खोलीतून सव्वापाच किलोवॉट उष्णता काढतो आणि त्यासाठी दीड किलोवॉटच्या आसपास वीज घेतो. बाहेर पडतात मात्र दोन्हींची बेरीज, पावणेसात किलोवॉट. दोन-दोन किलोवॉटचे तीन हीटर बाल्कनीत पेटवून ठेवल्यापेक्षा हे जास्त झाले. अरुंद गल्लीत समोरासमोर शंभर एसी लागले, की ज्याच्याकडे एसी नाही त्याच्या खिडकीतून काय येत असेल, याचा विचार करावा.

इथेही विहिरीची खोली मोजावी. बाहेर ४० अंश असताना आत १८ ठेवायचे म्हणजे २२ अंशांचा उपसा. २६ ठेवले तर १४ अंशांचा. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०२० पासून तारांकित एसी सुरू करताच २४ अंशांवर लागावेत असा नियम केला, तो उगाच नव्हे. एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा ब्युरोचा हिशेब आहे. पंखा लावून २६ अंश सुसह्य होत असतील, तर जरूर करून पाहावे.

आणि गीझर? १०० लिटर पाणी २० अंशांवरून ५० अंशांवर न्यायला साध्या गीझरला साडेतीन युनिट वीज लागते. हीट पंपाचा गीझर ते काम सव्वा युनिटमध्ये करतो. दोन-तीन माणसांच्या घरात यंत्राची किंमत वसूल व्हायला वेळ लागेल, आणि गच्चीवर ऊन असेल तर सौर बंब त्याहून सरस. पण वसतिगृह, रुग्णालय, हॉटेल अशा ठिकाणी, जिथे रोज हजारो लिटर पाणी लागते आणि पावसाळ्यातही लागते, तिथे हा हिशेब नक्की मांडावा. हॉटेलला तर खोल्या गार हव्यात आणि स्नानाला पाणी गरम. दूध डेअरीत दूध थंड करायचे आणि भांडी धुवायला कढत पाणी हवे. अशा ठिकाणी एकच यंत्र इकडची उष्णता काढून तिकडे देऊ शकते. ती बाहेर फेकायची आणि शेजारच्या खोलीत विजेवर पुन्हा तयार करायची, हा उद्योग आज अनेक ठिकाणी चालू आहे.

विजेची सळई तापवून उष्णता मिळवणे सोपे आहे, यंत्र स्वस्त आहे, म्हणून आपण ते करतो. तापमापकाच्या दृष्टीने तीस-चाळीस-पन्नास अंश ही फार उंच चढण नाही. एवढ्या चढणीसाठी उष्णता नव्याने जन्माला घालण्याची गरज नसते. ती आसपास असतेच. परदेशातल्या मुलाने यंत्राविषयी विचारले, तर त्याला आधी घराच्या फटी बुजवायला सांगा आणि मग किती अंशांच्या पाण्यावर घर तापेल ते विचारा. आणि आपल्या सोसायटीच्या किंवा संस्थेच्या बैठकीत गरम पाण्याचा विषय निघाला, तर दर महिन्याला किती युनिट नुसती सळई तापवण्यात जातात, तेवढा आकडा मागून घ्या. पुढची चर्चा त्या आकड्यावरून करता येईल.